हळदीचं घरगुती गिऱ्हाईक: पहिल्या १०० किलोंपासून पुढं

पहिल्याच वर्षी सगळी हळद घरून विकायची आणि मार्केट यार्डाकडं वळूनसुद्धा बघायचं नाही, असं डोक्यात असेल तर ते आधी काढून टाका. आम्ही पलूस तालुक्यातले, कृष्णाकाठचे. ऊस आहे, हळद आहे, घरापुरता भाजीपाला आहे. आजही आमच्या हळदीचा मोठा हिस्सा सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात सौद्याला, म्हणजे लिलावाला, जातो आणि त्यात कमीपणा काही नाही. सौद्यात गाडीभर माल एकदम जातो, पट्टी (विक्रीचा हिशेब) हातात येते, सोसायटीचं कर्ज भागतं. घरून विकायची म्हटली की तोच माल वर्षभर किलो-किलोनं जातो आणि प्रत्येक किलोमागं एक फोन असतो. म्हणून आधी ठरवायचं ते एवढंच, की वाळलेल्या मालातला किती माल घरात ठेवून, दळून, पोचता करायची आपली ताकद आहे.

सुरुवात १०० किलो हळकुंडांनी करा. आमच्या वहीवरून बघितलं तर चार माणसांच्या घराला वर्षाला किलो-सव्वाकिलो हळद लागते. म्हणजे १०० किलोंना ऐंशीच्या आसपास घरं पुरतात. या ऐंशी घरांनी पुढच्या वर्षी परत मागितलं तर तुमचा धंदा सुरू झाला असं समजा. पहिल्या वेळी नातेवाईक भिडेखातर घेतात, शेजारीण उत्सुकतेपोटी घेते. दुसऱ्या वेळी कुणी भिडेनं घेत नाही. मी जे काही खाली सांगणार आहे ते सगळं त्या दुसऱ्या ऑर्डरीसाठी आहे.

घरात कोणता माल ठेवायचा

सरसकट नाही ठेवायचा. हळकुंडं (बोटांसारखे फुटवे) घरात, गड्डे (मधले जाड कंद) यार्डात, असं आमचं साधं आहे. हळकुंडं आणि गड्डे शिजवायचेही वेगळे, कारण दोन्हीला सारखा वेळ लागत नाही. ओल्या हळदीची वाळून साधारण पाचवा हिस्सा उरते, कधी थोडी जास्त. तेव्हा १०० किलो वाळलेला माल हवा असेल तर पाच क्विंटल ओली हळद त्यासाठी बाजूला काढायची आहे हे काढणीच्या आधीच घरात सगळ्यांना माहीत पाहिजे. नाहीतर मालक, म्हणजे आमचे यजमान, एकीकडं गाडी भरतात आणि आपण दुसरीकडं स्टिकर छापतो.

काढणी झाल्यावर चार-पाच दिवसांत हळद शिजली पाहिजे. आता काहिलीपेक्षा (मोठ्या कढईपेक्षा) वाफेवरचे कुकर गावोगाव भाड्यानं येतात. त्यात वेळ वाचतो, जळण वाचतं आणि शिजणं एकसारखं होतं. पण कुकरवाल्याला घाई असते, त्याला पुढच्या शेतात जायचं असतं. घरच्या मालाच्या वेळी आपलं माणूस तिथं उभं हवंच. शिजलेल्या हळकुंडातून गवताची काडी सहज आरपार जाते. अडली तर कच्ची आहे, तिला आतून रंग सारखा येणार नाही. फार शिजली तर गाळ होते आणि काळपट पडते. मग ताडपत्रीवर किंवा खळ्यावर बारा-पंधरा दिवस ऊन. सासूबाई हळकुंड कानाशी धरून मोडतात. कट् असा खणखणीत आवाज आला तर वाळलं. नुसतं वाकून तुटलं तर परत उन्हात. घरात यंत्र आणून ओलावा मोजला तरी ८ ते १० टक्क्यांच्या आत आला पाहिजे, आणि सासूबाईंचा कान सहसा त्याच उत्तराला येतो.

पॉलिश हलकंच करून घ्या. यार्डात चकाकी बघून भाव करतात, आपल्या गिऱ्हाइकाला हळकुंड दिसणारच नाही. पॉलिशच्या पिंपात रंगाची पावडर मारायची नाही हे त्या माणसाला तोंडानं सांगा, तो नेहमीच्या सवयीनं मारून मोकळा होईल.

साठवण कोरड्या जागी, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब. आमच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट. २००५ चा पूर, २०१९ चा पूर, २०२१ चा पूर. सांगलीजवळच्या हरिपूरची जमिनीखालची हळद साठवायची पेवं एके काळी नावाजलेली होती, २००५ च्या पाण्यात तीही गेली. जूननंतर एकही पोतं तळमजल्यावर ठेवायचं नाही, मग जिना चढताना कितीही कुरकुर होऊ दे.

दळण

वर्षाची हळद एकदम दळू नका. महिन्याला लागेल तेवढीच दळायची. पूड होऊन पडून राहिली की वास उतरतो, आणि आपण विकतो ते मुळात वासच. रंग दुकानातल्या पुडीलाही असतो.

गावच्या डंकावर दळणार असाल तर सकाळचा पहिला नंबर धरा आणि आदल्या दिवशी मिरची दळली आहे का विचारा. दळली असेल तर आधी दोन किलो हळदीची कणी टाकून डंक साफ करून घ्यायचा, ती कणी जनावराच्या औषधाला, घरच्या वापराला ठेवायची. हळकुंडं आधी भरडून घ्यायची, मग बारीक. एकसारखं रेटून दळलं की पूड हाताला चटका देते इतकी तापते. मध्ये थांबवत दळा आणि घरी आणून कापडावर पसरून पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत भरा. गरम पूड पिशवीत भरली की आतून पाणी सुटतं आणि गुठळ्या होतात.

स्वतःचं यंत्र कधी? वर्षाला चार-पाचशे किलोंच्या पुढं गेलात तर विचार करा. त्या वेळी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं पीएमएफएमई या केंद्राच्या योजनेची चौकशी करा, ती चालू आहे का तेही विचारा. लहान अन्नप्रक्रिया उद्योगाला पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, असं अनुदान त्यात ठेवलेलं होतं. बँकेचं कर्ज त्याला जोडलेलं असतं. अनुदानासाठी यंत्र घ्यायचं आणि मग यंत्रासाठी गिऱ्हाईक शोधायचं, असं उलटं मात्र करू नका. आमच्या आसपास अशी दोन-चार यंत्रं ताडपत्रीखाली आहेत.

कागद आणि लेबल

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून थोडक्यात. शेतकऱ्यानं आपला कच्चा माल विकायला अन्न परवान्याची गरज नाही, पण हळद दळून पाकिटात भरली की ती प्रक्रिया झाली. लहान उलाढालीला पूर्ण परवाना नको, एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) साधी नोंदणी पुरते. ती ऑनलाइन होते, फी किरकोळ असते आणि १४ अंकी नंबर मिळतो. तो पाकिटावर छापायचा. त्याच्यासोबत मालाचं नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, ग्रॅममागं किती पडतात तो दर, पॅकिंगचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरावी ते, बॅच नंबर, घरचा पूर्ण पत्ता, फोन आणि शाकाहाराची हिरवी खूण. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन (वजनमापं तपासणाऱ्या) खात्याचा शिक्का दरवर्षी मारून घ्या. पाकीट बांधणारा म्हणून त्या कार्यालयात नोंद लागते, तीही तिथंच विचारा.

दोन शब्द लेबलवर प्रमाणपत्राशिवाय घालायचे नाहीत. एक ‘सेंद्रिय’. आपण शेणखत घातलं, फवारणी टाळली, हे गिऱ्हाइकाला बोलून सांगा. पाकिटावर छापायला प्रमाणीकरण लागतं. दुसरं जीआय. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपलं शेत सांगली जिल्ह्यात आहे म्हणून ती खूण आपोआप आपली होत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. नोंदवा, जमण्यासारखं आहे. आणि सर्दी, सांधेदुखी, कॅन्सर यातलं काहीही पाकिटावर लिहू नका. हळदीला गिऱ्हाईक स्वयंपाकघरातूनच मिळतं.

भाव कसा काढायचा

बहुतेक जण दुकानातल्या पाकिटाची किंमत बघतात आणि त्यापेक्षा दहा रुपये कमी लावतात. असं केलं की घरातल्या बायकांची मजुरी फुकट जाते आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही. हिशेब असा मांडा, आकडे तुमचे घाला.

यार्डात हळकुंडाला किलोला १५० मिळतात असं धरा. हा आपला खरेदीचा भाव, कारण तिथं घातलं असतं तर तेवढे आलेच असते. दळताना उडून, चिकटून १०० किलोंची ९५ किलो पूड उरते, म्हणजे किलो पुडीला हळकुंडच १५८ ला पडलं. दळणाचे २६ धरा. अर्ध्या किलोच्या दोन पिशव्या आणि स्टिकरं १६. झाले २००. निवडणं, भरणं, वजन करणं, फोन घेणं, पार्सल बांधणं यांचे ३० लावा, आणि ते घरात जी बाई हे काम करते तिच्या खात्यावर खरंच टाका. नमुने, फुटलेली पाकिटं, पाहुण्यांना दिलेली यांचे १२. म्हणजे २४२ ला माल दारात तयार झाला. ३०० ला विकला तर किलोमागं ५८ उरले. १०० किलोंना साडेपाच हजार, आणि मजुरीचे पावणेतीन-तीन हजार घरातच राहिले.

हा आकडा बघून कुणाचा उत्साह मावळला तर बरंच झालं, त्यानं सौद्यालाच माल घालावा. ज्याला पटला त्यानं पुढं वाचावं. कुरियरचा खर्च यात धरलेला नाही, तो वेगळा सांगायचा आणि वेगळाच घ्यायचा. ‘फ्री डिलिव्हरी’ म्हणून भावात दडवला की दारात येऊन नेणाऱ्या गावातल्या माणसाला तो उगीच भुर्दंड पडतो.

भाव वर्षातून एकदाच ठरवा, मार्च-एप्रिलमध्ये. २०२३ च्या पावसाळ्यात हळदीचा बाजार झपाट्यानं चढला तेव्हा राखलेला माल काढून यार्डात घालावा असं घरात दोघांनी तरी बोलून दाखवलं. माझं म्हणणं होतं, ऐंशी घरांना आपण भाव सांगितलाय. बाजार पडेल तेव्हा हीच घरं जुन्या भावानं घेतील. हे तत्त्व म्हणून नाही सांगत, वही उघडून दाखवता येतं म्हणून सांगते.

पहिली ऐंशी घरं कुठं सापडतात

पुण्या-मुंबईच्या अनोळखी माणसामागं लागू नका. आपल्याच गावची माणसं कुठं कुठं आहेत ते आधी लिहून काढा. सातारा-सांगलीची किती घरं मुंबईत माथाडी म्हणून गेली, पुण्यात हडपसर-पिंपरीकडं नोकरीला लागली. खानापूर, आटपाडी, विट्याकडचे गलाईवाले सोनं-चांदी आटवायच्या धंद्यानं देशभर पांगलेत. केरळात, तामिळनाडूत, दिल्लीत त्यांची घरं आहेत. तिथं हळद मिळत नाही असं नाही, पण गावाकडची हवी असते. अशा एका घरानं घेतली की त्याच गल्लीतली आणखी चार घरं नंबर मागतात.

आणि ही माणसं गावाला येतात कधी? यात्रेला आणि मे महिन्याच्या सुट्टीत. नेमकी तेव्हाच आपली नवी हळद तयार असते आणि शहरातल्या बायका वर्षाची बेगमी करत असतात. तिखट, मसाला, हळद, सगळं एप्रिल-मेमध्ये. गाडीची डिकी परत जाताना रिकामीच असते. आमच्या वर्षाच्या विक्रीतला निम्मा माल असाच, एक रुपया कुरियर न भरता जातो. यात्रेच्या आधी आठवडाभर एक निरोप पाठवायचा. माझा असा असतो: “नवी हळद दळून तयार आहे. सेलम जातीची, शेतातलीच. अर्धा किलो १५०, एक किलो ३००. यात्रेला येणार असाल तर किती ठेवू ते कळवा, नाव लिहून बाजूला ठेवते.” फुलांची चित्रं नाहीत, ‘शुद्धतेची परंपरा’ नाही. ‘नाव लिहून बाजूला ठेवते’ एवढ्यावर माणसं लगेच उत्तर देतात.

परराज्यात पार्सल पाठवणार असाल तर एक गोष्ट आधी कर सल्लागाराला विचारून घ्या. राज्याच्या आत नुसता माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण हळद पुडीवर कर आहे, आणि करपात्र माल राज्याबाहेर विकला की उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी घ्यावी लागते. आपल्याकडनं बेळगाव पुण्यापेक्षा जवळ, त्यामुळं हे पटकन ध्यानात येत नाही.

बाकीचं वर्षही हळदीच्याच तिथींवर चालतं. लग्नसराईत अख्खी हळकुंडं आणि हळदीच्या कार्यक्रमाची पूड. दिवाळीत उटण्यासाठी. संक्रांतीला वाण म्हणून ५० ग्रॅमची पाकिटं. ही मागणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विचारायला लागते, पौषात विचारलं तर बायकांनी प्लॅस्टिकचे डबे आधीच आणलेले असतात. वाणाच्या पाकिटावर नफा जवळजवळ नाही. पण एक बाई पंचवीस जणींना वाटते आणि प्रत्येकीच्या घरात आपला फोन नंबर जातो. जाहिरातीवर मी यापलीकडं पैसे घातलेले नाहीत.

प्रदर्शनांचं बघायचं तर बचत गटात असाल तर उमेद या बचत गटांच्या सरकारी अभियानामार्फत मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला अर्ज करता येतो, पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा असते, पणन मंडळाच्या पुढाकारानं सुरू झालेले शेतकरी आठवडे बाजार आहेत. तिथं किती विकलं यापेक्षा किती नंबर वहीत आले ते मोजा. ज्यानं पाकीट घेतलं त्याला लगेच तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा, समोरच. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांपर्यंतच असते आणि ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो निरोप पोचतो. ग्रुप काढू नका. ग्रुपवर आठवड्यात गुड मॉर्निंग सुरू होतं आणि महिन्यात राजकारण.

वही

मोबाईलमध्ये ठेवा नाहीतर दोनशे पानी वहीत, पण ठेवा. नाव, गाव, किती नेली, कधी नेली, कोणत्या बॅचची, काय म्हणाले. शेवटचा रकाना सगळ्यांत कामाचा. ‘आईला वास आवडला’, ‘पिशवीचं तोंड फाटलं’, ‘मुलीला बंगळूरला पाठवणार’. सव्वा किलो नेणाऱ्या घरानं परत काही मागितलं नाही तर नेल्यापासून अकराव्या महिन्यात फोन करायचा. विकायला नाही, ‘हळद कशी निघाली’ विचारायला. निम्मे लोक तिथल्या तिथं ऑर्डर देतात. उरलेले का देत नाहीत ते सांगतात, आणि ते ऐकून घ्यायला मन थोडं घट्ट लागतं. पैसे बाहेरगावचे आधी, गावातले हातोहात. वहीत उधारीचा रकानाच आखायचा नाही.

सगळ्यांत नेहमीची तक्रार रंगाची असते. ‘तुमची हळद दुकानातल्यासारखी पिवळीधमक नाही.’ सेलम दळल्यावर थोडी केशरी, गडद दिसते. त्या वेळी दुकानदाराची निंदा करायची नाही. एका काचेच्या पेल्यात पाणी घ्या, चमचाभर पूड टाका, थोडा वेळ ठेवा, असं सांगते. शुद्ध पूड तळाला बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. मेटॅनिल यलोसारखा रंग घातला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. घरातली दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून बघा म्हणायचं आणि फोन ठेवायचा. पेल्यातली परीक्षा म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे, म्हणून वर्षातून एकदा एका बॅचचा नमुना मान्यताप्राप्त लॅबमध्ये पाठवून कागदही जवळ ठेवावा. कीड लागली, गुठळी झाली अशी तक्रार आली तर वाद नाही, पाकीट बदलून द्यायचं आणि त्याच बॅचच्या बाकी घरांना आपणच फोन करायचा.

वाढवायचं म्हणजे काय

डिसेंबरात कधीतरी हळद संपते आणि फोन चालूच असतात. त्या वेळी यार्डातून चार पोती आणून दळावीत असं सुचवणारा एक तरी माणूस प्रत्येक घरात असतो. आमच्या घरात धाकटे दीर आहेत. ‘संपली, एप्रिलमध्ये येईल, तुमचं नाव लिहून ठेवते’ हेच उत्तर द्यायचं. संपली म्हणून सांगणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो आणि पुढच्या वर्षी ते मार्चमध्येच विचारतात. शेजाऱ्याची हळद घ्यायची असेल तर ती शेतात उभी असताना ठरवा, शिजवण्यापासून आपल्या देखरेखीत घ्या आणि बॅच नंबर वेगळा द्या.

दुसरा माल धरायचा तो गिऱ्हाइकानं मागितलेला. आमच्याकडं बेदाणा असाच आला. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, दिवाळीच्या आधी लोक विचारायला लागले. बेदाणा घरात ठेवला की उष्म्यानं रंग बदलतो, त्याला कोल्ड स्टोरेज लागतं. म्हणून तिकडच्या स्टोरेजमधूनच मागणीपुरता आणते, आठ दिवसांत वाटून मोकळी होते. लोणची, पापड, काकवी, सगळं एकदम सुरू करणाऱ्यांची लेबलं छान असतात, पण ऑगस्टमध्ये त्यांच्या फळ्यांवर पडून राहिलेला माल बघा.

घरात ठेवायचा माल दरवर्षी किती वाढवायचा, याला माझ्याकडं एकच मोजमाप आहे: गेल्या वर्षीच्या घरांपैकी किती घरं परत आली. ऐंशीतली साठ आली तर पुढच्या खेपेला दीडशे किलो ठेवा. तीस आली तर १०० वरच थांबा आणि वहीचा शेवटचा रकाना परत वाचा. आणि हे सगळं ठरवायच्या आधी बेणं बाजूला काढा. एकराला दहा क्विंटल जेठे गड्डे लागतात. घरचं गिऱ्हाईक वाढलं म्हणून बेण्यातले गड्डे शिजवले तर अक्षय्य तृतीयेला लागणीच्या वेळी तेच बेणं दुसऱ्याकडून, कुठल्या वाणाचं आहे ते न कळता, दुप्पट भावानं आणावं लागतं.